वादग्रस्त नेत्याच्या भाषणाला जाताना

महाविद्यालयात एखाद्या वादग्रस्त राजकीय नेत्याचे भाषण ठरले की आवारात दोन प्रश्न सुरू होतात : याला बोलावलेच कसे, आणि तू जाणार का? पहिल्याचे उत्तर आयोजकांनी द्यावे. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर आपण ऐकायला जात आहोत, प्रश्न विचारायला की निषेध नोंदवायला, हे घरूनच ठरवून निघावे, कारण सभागृहात तापलेल्या गर्दीत बसल्यावर तो निर्णय आपल्या हातात राहत नाही.

जाण्यापूर्वी त्या नेत्याची किमान दोन भाषणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावीत. समाजमाध्यमांवर फिरणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत त्याच्या समर्थकाने कापलेली असो वा विरोधकाने, तिच्यातून युक्तिवाद कळत नाही. पूर्ण भाषणे ऐकली की कोणती वाक्ये टाळ्यांसाठी ठेवलेली आहेत आणि कोणता दावा पुराव्याशिवाय पुढे ढकलला जातो, हे आपोआप लक्षात येते. पुढे विचारायचा प्रश्न बहुधा तिथेच सापडतो.

प्रवेशपत्रिका, ओळखपत्र, पिशव्या आणि फलक यांविषयीचे नियम आदल्या दिवशी विचारून घ्यावेत. लवकर पोहोचावे, दाराजवळच्या कडेच्या रांगेत बसावे आणि बाहेर पडण्याचे दोन मार्ग पाहून ठेवावेत. ही खबरदारी अनाठायी नाही. अमेरिकेतील मिडलबरी कॉलेजात २ मार्च २०१७ रोजी वादग्रस्त राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मरे यांचे व्याख्यान घोषणाबाजीमुळे सभागृहात होऊ शकले नाही, ते दुसऱ्या खोलीतून प्रक्षेपित करावे लागले. मात्र त्यांची मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापिका जखमी झाल्या त्या कार्यक्रम संपल्यावर, इमारतीबाहेर पडताना. म्हणून भाषण संपल्यावर नेत्याच्या गाडीभोवती जमणाऱ्या घोळक्यात शिरू नये. (तिथे ऐकण्यासारखे काही नसतेही.)

सर्वाधिक मेहनत प्रश्नावर घ्यावी. बहुतेक श्रोते ध्वनिक्षेपक हाती आला की स्वतःच छोटे भाषण करतात, आणि अनुभवी नेत्याला त्यातला सोयीचा तुकडा उचलणे सोपे जाते. २४ सप्टेंबर २००७ रोजी इराणचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदिनेजाद अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात बोलले. प्रास्ताविकात विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांच्यावर बराच वेळ कडक टीका केली, आणि पाहुण्यांनी अपमान झाल्याची तक्रार करत ती परतवली. नंतर स्त्रिया आणि समलैंगिक यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी प्रश्न आला, तेव्हा ते अमली पदार्थांच्या तस्करांकडे वळले. सूत्रसंचालकांनी प्रश्न याविषयी नव्हता एवढेच शांतपणे सांगितले, आणि तेव्हा, तुमच्या देशात आहेत तसे समलैंगिक इराणमध्ये नाहीत, हे उत्तर बाहेर पडले. सभागृहात हशा पिकला. लांबलचक टीकेला जे जमले नाही, ते पुन्हा विचारलेल्या प्रश्नाने केले. म्हणून नेत्याचे एखादे विधान तारखेसह सांगावे, त्यावर एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर भलतीकडे गेले तर न चिडता तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा करावा. प्रश्न कागदावर लिहून न्यावा. आवाज कापत असला तरी वाचता येतो.

निषेधच करायचा असेल, तर मूकपणे फलक धरणे, पाठ फिरवून उभे राहणे किंवा सर्वांनी मिळून उठून जाणे, हे मार्ग आयोजकांचे नियम पाहून निवडावेत. भाषण बंद पाडण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्यानंतर नेता काय बोलला याची चर्चा थांबते आणि त्याला बोलू दिले नाही याचीच सुरू होते.

ऐकताना त्याचे शब्द आणि आपले मत वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. रात्री ध्वनिमुद्रण उपलब्ध झाल्यास टिपण ताडून पाहावे, आणि तोवर त्यातले एकही वाक्य अवतरणचिन्हांत घालून कोणाला पाठवू नये.