एम. ए. इतिहासाचा लघुप्रबंध : या चुका टाळा

एम. ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमात लघुप्रबंध किंवा संशोधन प्रकल्प सादर करण्याची वेळ येते, तेव्हा वर्गात चांगले गुण मिळवणारे विद्यार्थीही अडखळतात. पदवीपर्यंत इतिहास वाचून लक्षात ठेवला तरी निभावते. लघुप्रबंधात मात्र प्रत्येक विधानामागे हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्याला ते कशावरून कळले, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असावी लागतात. पुढे नोंदवलेल्या चुका मुख्यतः मराठ्यांचा इतिहास आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र या विषयांशी निगडित आहेत, कारण मराठीतून लिहिणारे पुष्कळ विद्यार्थी तेथूनच विषय निवडतात.

विषय पेलण्यापेक्षा मोठा घेणे

‘पेशवेकालीन समाजजीवन’ असे शीर्षक दिले, की १७१३ ते १८१८ अशी शंभराहून अधिक वर्षे, कोकणापासून बुंदेलखंडापर्यंतचा मुलूख आणि सगळ्या जातीजमाती एकदम अंगावर येतात. त्यातून जे लिहून होते ते आधीच्या चार-पाच पुस्तकांचे संकलन असते, आणि ते परीक्षकांना पहिल्या प्रकरणातच कळते. विषय ठरवताना ठिकाण, कालखंड आणि साधनांचा प्रकार या तिन्ही बाजूंनी कुंपण घालावे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले, तेथून दख्खनचे दंगे पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. ‘भीमथडी तालुक्यातील शेतकरी आणि सावकार, १८७५ ते १८७९’ हा विषय एका विद्यार्थ्याला एका वर्षात झेपतो. आयोगाचा अहवाल, मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर, पुणे सार्वजनिक सभेचे काम आणि त्या काळची वृत्तपत्रे ही त्याची साधने छापील आहेत, त्यामुळे मोडी येत नसली तरी विषयाला हात घालता येतो. उलट पेशवाईतील एखाद्या कसब्याच्या बाजारपेठेवर लिहायचे असेल, तर मोडीवाचून पान हलत नाही. आपल्याला कोणती लिपी आणि कोणती भाषा वाचता येते, हे विषय निवडण्याच्या आधी पाहिले पाहिजे. ते नंतर पाहिले, की चौथ्या सत्रात विषय बदलण्याची पाळी येते.

मोडी शेवटासाठी राखून ठेवणे

मोडी चार रविवारांत येते, हा समज पुरता चुकीचा नाही. मुळाक्षरे तेवढ्यात येतात, परंतु छापील पुस्तिकेतील मोडी आणि कागदावरची मोडी यांत फार अंतर आहे. लेखकाने आधी कागदभर आडवी रेघ ओढलेली असते, तिच्याखाली अक्षरे लेखणी न उचलता पळवलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अशा कागदासमोर बसल्यावर एकही ओळ लागत नाही, तेव्हा मधल्या मजकुराशी झटापट करू नये. पत्राचा मायना आणि शेवट ठरीव असतात. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति’, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असले पाहिजे’, ‘बहुत काय लिहिणें’ आणि ‘हे विनंति’ ही वाक्ये कोठे असणार, हे आधीच ठाऊक असते. ती शोधून त्या लेखकाचा ‘क’, ‘न’, ‘स’ आणि ‘व’ कसा वळतो ते एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावे आणि त्या अक्षरांच्या आधाराने मधल्या मजकुरात शिरावे. एका हाताची पाच-सहा पत्रे अशी वाचली, की सातवे पत्र बऱ्यापैकी उलगडते. म्हणून सुरुवातीला निरनिराळ्या कारकुनांचे कागद चाळण्यापेक्षा एकाच हस्ताक्षराला चिकटून राहावे. ही सवय पहिल्या सत्रापासून रोज अर्धा तास केली, तर विषय निवडण्याच्या वेळेपर्यंत दृष्टी तयार होते.

तारखांचा हिशेब बेरजेवर सोडणे

सर्वांत जास्त आणि सर्वांत लाजिरवाण्या चुका येथे होतात, म्हणून यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे शाळेपासून शिकवलेले असते. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी झाली. १६८२ मध्ये ७८ मिळवले तर १७६० येतात. लढाई मात्र १४ जानेवारी १७६१ ची आहे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, आणि सरळ बेरीज केली तर तो १६२९ मध्ये जाईल. शक वर्ष चैत्रात सुरू होते आणि त्याचे शेवटचे महिने पुढच्या इसवी सनात पडतात, त्यामुळे जानेवारीपासूनच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. पौष महिना तर कधी डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपतो, म्हणून तेथे बेरीज अजिबात चालत नाही. मोडकांची जंत्री (तिथी आणि तारखांचे कोष्टक) किंवा स्वामीकन्नू पिल्लै यांचे पंचांगाचे खंड उघडूनच तारीख ठरवावी.

पेशवाईच्या कागदांत याहून अवघड प्रकार आहे तो सुहूर सनाचा. त्यात वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते आणि एकक आधी येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होते, परंतु त्यातील महिने मोहरम, सफर, रबिलावल असे हिजरी चांद्र महिने असतात, आणि तारखेच्या आधी ‘छ’ हे अक्षर असते. आता ‘छ १० मोहरम, इहिदे सितैन मया व अलफ’ अशी मिती असलेले पत्र हाती आले, असे समजा. विद्यार्थी ११६१ मध्ये ६०० मिळवतो आणि ऑगस्ट १७६१ लिहून मोकळा होतो. परंतु जून ते डिसेंबर या काळासाठी ५९९ मिळवायचे असतात, तेव्हा हे पत्र ऑगस्ट १७६० चे आहे. त्या महिन्यात सदाशिवरावभाऊ दिल्ली घेऊन बसले होते. वर्षभराने, ऑगस्ट १७६१ मध्ये, भाऊही नव्हते आणि नानासाहेब पेशवेही २३ जून १७६१ रोजी वारले होते. बेरजेतल्या एका आकड्याने मोहिमेच्या ऐन मध्यातले पत्र पराभवानंतरचे ठरते, आणि त्यावर रचलेला सगळा युक्तिवाद कोसळतो. आपण ठरवलेली तारीख बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचा चांगला मार्ग म्हणजे पत्रात नावे आलेली माणसे त्या दिवशी हयात होती का आणि त्या जागी होती का, हे पाहणे.

इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांतही सापळा आहेच. इंग्रजांनी नवे (ग्रेगोरियन) कालमापन १७५२ मध्ये स्वीकारले; पोर्तुगीजांनी ते १५८२ मध्येच स्वीकारले होते. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच घटनेची सुरतेच्या इंग्रज वखारीतली तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रातली तारीख यांत दहा दिवसांचे अंतर पडते. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण त्या वेळच्या इंग्रजी पत्रावर जानेवारी १६६३ असे वर्ष दिसू शकते. ते पाहून पत्र किंवा इतिहासकार चुकला, असा निष्कर्ष काढू नये. प्रबंधात मूळ मिती जशीच्या तशी लिहून इसवी तारीख तिच्यापुढे द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळा घेता येतो.

बखर आणि छापील साधन डोळे मिटून घेणे

अफजलखानाच्या प्रसंगासाठी सभासद बखर आणि चिटणीस बखर एकाच तळटीपेत शेजारी शेजारी दिलेल्या आढळतात, जणू दोन साक्षीदारांची साक्ष जुळली. सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिले, तेव्हा त्या प्रसंगाला चाळीसएक वर्षे होत आली होती. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. दुसऱ्याने आधीच्या लेखनाचा आधार घेतला असेल, तर दोन साक्षी मिळून एकच साक्ष होते. बखरीतील फौजेचे आकडे आणि संवाद पुरावा म्हणून वापरू नयेत. त्या पिढीला तो प्रसंग कसा आठवत होता आणि कसा सांगावासा वाटत होता, यासाठी मात्र बखरीइतके चांगले साधन नाही, आणि तिचा तसा उपयोग विद्यार्थी करत नाहीत याचे वाईट वाटते.

छापील पत्रांबाबतची चूक अधिक सूक्ष्म आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून हजारो पत्रे बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, आली, आणि पेशवे दप्तरातून निवडलेले सरदेसायांचे ४५ खंड १९३० नंतर प्रसिद्ध झाले. त्या संपादकांचे ऋण मोठे आहे. तरीही पत्राच्या डोक्यावर छापलेली इसवी तारीख पुष्कळदा संपादकाने काढलेली असते, पत्रातली नसते. सरदेसायांच्या खंडांत पत्रावर दिलेला इंग्रजी सारांशही संपादकांचा आहे. तोच उचलून ‘पत्रात म्हटले आहे’ असे लिहिणारे विद्यार्थी मूळ मराठी मजकूर वाचतच नाहीत. आणि निवडलेली पत्रे म्हणजे दप्तर नव्हे. पुण्याच्या पुरालेखागारात हजारो रुमाल, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, आहेत. राजकारणाची पत्रे आधी छापली गेली, हिशेबाचे, वतनाचे आणि गावगाड्याचे कागद मागे राहिले, म्हणून केवळ छापील खंडांवरून पेशवाईचे चित्र काढले तर ते स्वाऱ्या आणि तहांनीच भरते.

पुरालेखागारात गेल्यावर

विभागप्रमुखांचे पत्र आणि ओळखपत्र न घेता जाणे, शाईचे पेन काढणे, न विचारता मोबाइलने छायाचित्रे घेणे, या चुका पहिल्याच दिवशी वेळ आणि तेथील माणसांची सदिच्छा दोन्ही घालवतात. परवानगीचे आणि प्रतींचे नियम आधी विचारून घ्यावेत.  रुमाल सोडताना पुडक्यांचा क्रम बदलू नये, आणि कागद वाचण्यापूर्वी दप्तर, रुमाल आणि पुडके यांचे क्रमांक वहीत लिहावेत. वाचून झाल्यावर लिहू, असे म्हटले की ते राहून जाते, आणि दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा सापडत नाही. ज्या विधानाचा क्रमांक हरवला ते विधान प्रबंधातून काढावे लागते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, पणजीचे पुराभिलेखागार, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय अशा प्रत्येक ठिकाणची क्रमांकपद्धत वेगळी आहे; ती जशी असेल तशीच टिपेत द्यावी.

इतिहासलेखनशास्त्राच्या प्रकरणाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. जर्मन इतिहासकार रांके, १९२९ मध्ये सुरू झालेली फ्रेंच इतिहासकारांची अनाल परंपरा आणि १९८२ पासूनचे सबाल्टर्न (तळच्या, दबलेल्या लोकांच्या बाजूने पाहणारे) अभ्यास यांची ओळख करून देणारी दहा पाने जोडली आणि पुढच्या प्रकरणांत त्यांतले काहीच वापरले नाही, तर ती दहा पाने काढून टाकावीत. सुप्याच्या दंग्यावर लिहिताना आयोगापुढच्या जबान्या कोणाच्या आहेत, कोणत्या भाषेतून भाषांतरित झाल्या आहेत आणि कोणाचा आवाज त्यांत आलाच नाही, हे विचारले की सबाल्टर्न दृष्टी आपोआप लागू होते.

साधने वाचून झाल्यावर आधी मांडलेले गृहीतक टिकत नाही असे दिसले, तर घाबरून प्रतिकूल कागद बाजूला ठेवू नयेत. गृहीतक का टिकले नाही हेच शेवटच्या प्रकरणात लिहावे आणि तो कागद क्रमांकासह परिशिष्टात द्यावा. मार्गदर्शकांना मात्र हे सादरीकरणाच्या आठवड्यात नव्हे, कागद सापडला त्याच दिवशी सांगावे, कारण शीर्षकात बदल करायचा असेल तर त्याला विभागाची मान्यता लागते.