फोनचं मोठं अपडेट आलंय, टाकू की थांबू? असं ठरवा

सप्टेंबर उजाडला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या हिशोबासोबत हा विषय पण ठरलेला. एक जण म्हणतो अपडेट टाकलं नि बॅटरीची वाट लागली, दुसरा म्हणतो माझा तर मस्त चाललाय, मग तिसरे काका येतात नि म्हणतात मी आयुष्यात अपडेट केलं नाही, काही अडत नाही. काकांचं सोडा, बँकेचं अ‍ॅप असलेला फोन असा ठेवणं बरं नाही. माझं मत सरळ आहे, सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारी छोटी दुरुस्ती, आला की लगेच टाकायचा, आणि अख्खं व्हर्जन बदलणार असेल तर दोन-तीन आठवडे थांबून, दुसऱ्यांचे अनुभव वाचून मग टाकायचं. पण ते वाचायचे कसे ते कळलं पाहिजे.

पहिलं काम, आलंय काय ते बघा. सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेटवर गेलात की साइज दिसते. काही शे एमबी असेल तर बहुतेक पॅच, दोन-चार जीबी असेल तर मोठं प्रकरण. आयफोनमध्ये आकड्यावरून कळतं, पहिला आकडा बदलला तर नवीन व्हर्जन, शेवटचा बारका आकडा बदलला तर दुरुस्ती. २०२५ मध्ये अ‍ॅपलनं १८ वरून एकदम २६ वर उडी मारली, तेव्हा मधली सात अपडेट आपली राहिली की काय म्हणून घाबरू नका, ती निघालीच नाहीत.

मग 'फोनबद्दल' मध्ये जाऊन मॉडेल नंबर, अँड्रॉइड व्हर्जन आणि बिल्ड नंबर (फोनवर सॉफ्टवेअरची नेमकी कुठली आवृत्ती आहे तो नंबर) यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोनचं नुसतं नाव कामाचं नाही. साधा गॅलेक्सी एस२४ घ्या, भारतात तो एक्सिनॉस चिपवर आला आणि अमेरिकेत स्नॅपड्रॅगनवर, म्हणजे नाव तेच, डबा तोच, आत इंजिन वेगळं. त्यामुळे अमेरिकेतला कोणी बॅटरीबद्दल काय म्हणतो ते तुमच्या फोनला लागू होईलच असं नाही.

आता खरी गंमत, लोकांची मतं. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ज्याचा फोन बिघडला तो रात्री दोन वाजता उठून टाइप करतो, ज्याचा नीट चाललाय तो झोपलेला असतो. म्हणून तक्रारी किती आहेत ते मोजत बसू नका, तक्रारीत लिहिलंय काय ते बघा. 'फोन स्लो झाला, कंपनी फालतू' याला शून्य किंमत. 'अमुक मॉडेल, अमुक बिल्ड, ड्युअल सिम, कॉल लागला की नेट बंद' असं कोणी लिहिलं आणि तेच चार वेगळ्या लोकांनी लिहिलं तर थांबा. तक्रारीला अट काय आहे ते पण शोधा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर गूगलच्या पिक्सेल फोनवाल्यांचे फोटो-फाइली उघडेनात म्हणून बोंब झाली होती, पण ते झालं एकाच फोनवर एकापेक्षा जास्त युजर प्रोफाइल बनवलेल्यांचं, ज्यांचं एकच प्रोफाइल त्यांनी घाबरायचं कारणच नव्हतं. आणि कधीकधी कंपनीच मागे सरते, एप्रिल २०२५ मध्ये सॅमसंगनं वन यूआय ७ (त्यांच्या फोनचं मोठं अपडेट) देणं मधेच थांबवलं, कारण कोरियात काही एस२४ फोन अनलॉकच होईनात. म्हणून म्हणतो दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या बॅटरी नि गरम होण्याच्या तक्रारी मी तर वाचतच नाही. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत अ‍ॅप नव्यानं बसवतो, फोटो परत चाळतो, त्यात बॅटरी जातेच.

एक तक्रार मात्र गंभीर घ्या, ग्रीन लाइन. आमच्या शेजारच्या काकू दारात आल्या, "अरे बघ ना, काल अपडेट केलं आणि ही रेघ आलीय, पुसली तरी जात नाही." कॅमेऱ्यापासून खाली चार्जिंगच्या टोकापर्यंत सरळ हिरवी रेघ, त्यांच्या नातवाच्या वॉलपेपरवरच्या नाकावरून गेलेली, आणि काकू साडीच्या पदरानं ती पुसतायत. हे अपडेटमुळेच होतं की आधीच दुखावलेला डिस्प्ले त्या दिवशी गेला यावर रिपेअरवाल्यांचं एकमत नाही. पण तुमच्या मॉडेलला हे जास्त होत असेल तर आधी वॉरंटी बघा. वनप्लसनं भारतात काही जुन्या मॉडेलला यासाठी फुकट स्क्रीन बदलून द्यायची सोय केली होती, तसं काही आपल्याला मिळतंय का ते विचारायला पैसे पडत नाहीत.

टाकायचं ठरलं? मग आधी बॅकअप. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, जागा भरली की तो गपचूप बंद पडतो, म्हणून शेवटचा बॅकअप कधीचा आहे ती तारीख डोळ्यानं बघा. फोटो लॅपटॉपवर घ्या. दहा-बारा जीबी रिकामी करा, चार्जिंग निम्म्याच्या वर, घरचं वायफाय. आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते तेव्हा राउटर पण जातो, तो दिवस सोडा. रविवारी रात्री तर मुळीच नको, सोमवारी सकाळी ठाण्याहून वाशी गाडी पकडायचीय, पास मोबाइलमध्ये, आणि अ‍ॅप म्हणतंय परत लॉगिन करा, टीसी समोर उभा. शनिवारी दुपारी जेवून टाका.

नवीन फोनमध्ये बरंचसं काम तुम्ही फोन वापरत असतानाच मागे होतं आणि रिस्टार्टला थोडाच वेळ जातो. जुन्यात स्क्रीन बराच वेळ काळी राहते, बटणं दाबू नका.

झाल्यावर एक कॉल करून बघा, दोन्ही सिमवरून. यूपीआयनं घरातल्याच कोणाला एक रुपया पाठवा, बँकेचं अ‍ॅप उघडा, कॅमेरा, ब्लूटूथ. सगळी अ‍ॅप अपडेट करा. आठवड्यानंतरही बॅटरी उतरत असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी कोण खातंय ते बघा, बहुतेक वेळा एखादं जुनं अ‍ॅप निघतं. फॅक्टरी रिसेट अगदी शेवटी.

आणि मागे जायचं विसरा. अ‍ॅपल नवीन व्हर्जन आल्यावर थोड्याच दिवसांत जुन्याला मान्यता देणं बंद करतं, अँड्रॉइडमध्येही बऱ्याच कंपन्यांनी खाली उतरायची वाट लॉक केलीय. स्टेशनजवळ कोणीतरी भेटेल, जुनं व्हर्जन टाकून देतो म्हणेल, त्याच्या हातात फोन देऊ नका, त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारं कुलूप, उघडावा लागतो, डेटा जातो, आणि नंतर काही बँकांची अ‍ॅप त्या फोनवर चालायला नकार देतात. त्यापेक्षा कंपनीच्याच सपोर्ट अ‍ॅपमधून तक्रार टाका, तो मॉडेल नि बिल्ड नंबरचा स्क्रीनशॉट जोडा आणि सोबत लॉग (फोननं स्वतःच ठेवलेली बिघाडाची नोंद) पाठवायचा पर्याय असेल तर तेवढा टिक करा.