तैलरंगांत बर्फाचे गाव रंगवताना

बर्फाने झाकलेले गाव तैलरंगांत रंगवताना शुद्ध पांढरा रंग अगदी शेवटी आणि अगदी थोडा वापरावा, कारण तो सुरुवातीलाच सर्वत्र लागला, तर ऊन दाखवायला हाताशी काहीच उरत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८६८-६९ च्या हिवाळ्यात नॉर्मंडीतील एत्रताजवळ रंगवलेले ‘मॅगपाय’ हे चित्र त्यासाठी समोर ठेवावे. कुंपणामागून येणारे ऊन, अलीकडच्या बर्फावर पडलेली कुंपणाची निळसर सावली, झाडांआडचे घर आणि फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी, एवढाच त्याचा विषय आहे. पॅरिसच्या ‘सालों’ या अधिकृत कलाप्रदर्शनासाठी १८६९ मध्ये नाकारले गेलेले हे चित्र आज तिथल्याच ऑर्से संग्रहालयात आहे, आणि बर्फ शिकण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

प्रथम कॅनव्हासवर फिकट राखाडी रंगाचा पातळ हात देऊन तो वाळू द्यावा, कारण कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर बर्फाच्या छटा नीट जोखता येत नाहीत. त्यावर पातळ केलेल्या अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाने छपरे, कुंपण आणि रस्ता यांची मोजकी रेखाटणी करावी.

रंगवायला सुरुवात सावल्यांपासून करावी. सावलीतल्या बर्फापर्यंत थेट ऊन पोहोचत नाही, त्याला मोकळ्या आकाशाचाच प्रकाश मिळतो, म्हणून तो निळसर दिसतो. शिवाय शेजारच्या पिवळसर उन्हामुळे तो आणखी जांभळट भासतो. शेजारच्या रंगांच्या या परस्पर परिणामाची मांडणी शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच केली होती. पांढऱ्यात कोबाल्ट ब्लू आणि किंचित क्रिमसन हा गडद लाल रंग मिसळून ही छटा मिळते. सावलीची कड वस्तूजवळ स्पष्ट असावी आणि वस्तूपासून दूर जाताना मऊ होत जावी. ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही, त्यांनी सकाळच्या उन्हात चुन्याने रंगवलेल्या भिंतीवरची झाडाची सावली शांतपणे न्याहाळावी. तोच निळेपणा तिथे सापडतो. ढगाळ दिवसाचे चित्र असेल, तर मात्र सावल्या जवळजवळ नाहीशा कराव्यात आणि राखाडी छटांतील सूक्ष्म फरकांवर भर द्यावा. त्यासाठी चित्रकार आल्फ्रेड सिस्लेने लूव्हसिएन आणि मार्ली या गावांत केलेली हिमचित्रे पाहावीत.

उन्हातल्या बर्फासाठी पांढऱ्यात यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाचा केवळ स्पर्श द्यावा. मोनेच्या काळी शिशाचा पांढरा रंग वापरत; तो विषारी असल्याने आपण टायटेनियम व्हाइट घेतो, परंतु हा रंग फार जोरकस असून इतर रंगांना खडूसारखे फिके करतो, म्हणून तो थोडाथोडा मिसळावा. ब्रशचे फटकारे जमिनीवर तिच्या उतारानुसार आणि छपरावर त्याच्या ढाळानुसार द्यावेत, म्हणजे वेगळी रेषा न काढताही आकार कळतो. घरांच्या भिंतींना उबदार तपकिरी छटा दिल्यास शेजारचा बर्फ आपोआप थंड वाटतो.

पक्षी, दाराची फट किंवा खोड यांसाठीचा गडद रंग ट्यूबमधल्या काळ्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग यांच्या मिश्रणातून तयार करावा आणि तो दोन-तीन ठिकाणीच वापरावा. त्यानंतर कुंपणाच्या माथ्यावर आणि छपराच्या कडेवर, जिथे ऊन थेट लागते तिथेच, शुद्ध पांढऱ्याचे जाड थर द्यावेत. हे थर आतून वाळायला काही महिने लागतात, तोवर वार्निश लावू नये.