व्हीलचेअर घेऊन निसर्गात फिरायला जाताय? आधी या चुका टाळा

"व्हीलचेअर फ्रेंडली" असं कुठेतरी लिहिलेलं दिसलं की लगेच गाडी काढायची, ही सगळ्यात कॉमन चूक. लिहिणारा खोटं बोलतो असं नाही, पण बऱ्याचदा त्याने पार्किंगपासूनचा पहिला टप्पाच बघितलेला असतो, तिथे सिमेंटचा रस्ता असतो, टॉयलेटला रॅम्प असतो, झालं, लागलं लेबल. पुढे तळ्याकडे वळताना झाडाची मुळं वर आलीयेत हे त्याच्या लक्षातच राहत नाही, कारण चालणारा माणूस अशा गोष्टी बोलता बोलता ओलांडून जातो. आता बघा, एक किलोमीटरच्या वाटेत ९९० मीटर मस्त आणि १० मीटर वाईट असेल तर पायी जाणाऱ्याला ती वाट छानच वाटणार, खुर्चीवरच्या माणसासाठी मात्र ती त्या १० मीटरपाशी संपली.

म्हणून फोन करून "रस्ता कसा आहे हो?" असं विचारूच नका, "चांगला आहे" हेच उत्तर येतं. विचारा, "सगळ्यात वाईट जागा कुठली?" मग समोरचा जरा विचार करतो आणि "तसा चांगलाय, पण त्या ओढ्यापाशी…" असं काहीतरी खरं बाहेर येतं.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या ट्रेल्ससाठी २०१३ साली नियम आले, त्यात नव्या सुगम ट्रेलच्या तोंडाशी असलेल्या माहिती फलकावर पाच गोष्टी लिहिणं सक्तीचं केलंय: लांबी, पृष्ठभाग कशाचा आहे, रुंदी, चढ आणि आडवा उतार (म्हणजे वाट एका बाजूला किती कललीये). यातली खरी गंमत अशी की रुंदी नेहमीची किती आणि कमीत कमी किती, चढ नेहमीचा किती आणि जास्तीत जास्त किती, असं दोन्ही सांगावं लागतं. तुम्ही कुठेही राहत असा, हीच पाच गोष्टींची यादी फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि जिथे जाणार तिथल्या माणसाला विचारा. पाचपैकी तीन जरी कळल्या तरी घरी बसून अर्धा निर्णय होतो.

चढ डोळ्यांनी मोजणे

चालणाऱ्यांना चढ कळत नाही, हे एकदा मान्य करून टाका. "थोडासाच चढ आहे" याचा अर्थ काहीही असू शकतो. बिल्डिंगच्या रॅम्पला १:१२ हे प्रमाण सगळीकडे ऐकायला मिळतं, म्हणजे १२ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, साधारण ८.३ टक्के. पण हे प्रमाण छोट्या रॅम्पसाठी आहे, मधे विसावा धरून. तोच चढ अर्धा किलोमीटर चालू राहिला तर हाताने चाकं फिरवणाऱ्याचे खांदे जातात आणि ढकलणाऱ्याची कंबर. वर सांगितलेल्या नियमांत याचा हिशोब छान केलाय: १:२० पर्यंतचा चढ कितीही लांब चालतो, त्यापेक्षा जास्त पण १:१२ पर्यंत असेल तर सलग साधारण ६० मीटर, त्याहून जास्त पण १० टक्क्यांपर्यंत असेल तर जेमतेम ९ मीटर, आणि १० ते १२ टक्के फक्त ३ मीटर, प्रत्येक तुकड्यानंतर थांबायला सपाट जागा हवी. १२ च्या वर नाहीच.

इथे एक गोंधळ हमखास होतो. मोबाईलच्या लेव्हल अ‍ॅपवर आकडा अंशांत येतो आणि आपण तो टक्के समजतो. ५ अंश दिसले की "पाचच तर आहे" वाटतं, पण ५ अंश म्हणजे जवळपास पावणेनऊ टक्के, म्हणजे १:१२ पेक्षाही जास्त! लक्षात ठेवायला सोपं: ३ अंशांच्या आत असेल तर आरामात, ५ च्या जवळ असेल तर छोटा तुकडाच, ७ दिसले तर परत फिरा. आधी कुणी बघून येणार असेल तर त्याला हेच अ‍ॅप घेऊन पाठवा, फोटो नको, फोटोत सगळे चढ सपाट दिसतात.

आडवा उतार, ज्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही

वाट एका बाजूला कललेली असते, पाणी वाहून जावं म्हणून किंवा डोंगराच्या कडेने कापलीये म्हणून. चालणाऱ्याला काहीच वाटत नाही. खुर्ची मात्र सतत खालच्या बाजूला ओढत राहते, मग सरळ जायला खालच्या बाजूच्या हाताने जोर लावत राहायचं आणि वरच्या हाताने नुसता ब्रेक, थोड्या वेळात एक खांदा भरून येतो आणि आपल्याला वाटतं आज तब्येत बरी नाही. डांबर, काँक्रीट किंवा लाकडी फळ्यांवर हा उतार २ टक्क्यांच्या आसपास असावा, मातीच्या वाटेवर ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. खुर्ची विनाकारण एकीकडे जातेय असं वाटलं तर दोन्ही टायरची हवा आधी बघा, सारखी असेल तर दोष वाटेचा. वाटेच्या मधल्या भागात सहसा कल कमी असतो, तिथून चला, आणि सोबतच्या माणसाला खालच्या बाजूला चालायला सांगा, खुर्ची कललीच तर तो तिथे असला पाहिजे.

हिरवळ बघून भुलणे

गवत सपाट दिसतं म्हणून "इथून शॉर्टकट मारू" असं कुणीतरी म्हणतंच. गवतावर, त्यातही पाऊस पडून गेलेल्या गवतावर, ढकलायला कितीतरी जास्त जोर लागतो आणि खाली खड्डा असेल तर दिसत नाही. लाकडाच्या भुश्याचा किंवा सालींचा थर टाकलेली वाट फोटोत सुंदर दिसते आणि प्रत्यक्षात पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात. खडीचं तर दोन टोकांचं काम आहे. बारीक चुरा मिसळून दाबलेली टोकदार खडी एकमेकांत अडकून घट्ट बसते, तिच्यावर खुर्ची मस्त जाते. गोल गुळगुळीत गोटे मात्र कधीच बसत नाहीत, चाकाखालून सरकत राहतात. "खडीचा रस्ता" एवढंच कळलं तर काहीच कळलं नाही.

एक सोपी कसोटी अमेरिकेच्या वन खात्याच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि ती फोनवर विचारायला फार कामाची: बारीक टायरची सायकल किंवा छोट्या चाकांची बाबागाडी चाकोरी न पडता सहज जाते का? "इथे लोक बाबागाडी घेऊन येतात का?" या प्रश्नाचं उत्तर कुणीही देऊ शकतं, त्याला व्हीलचेअरचं काही कळत नसलं तरी.

आणि रुतलीच तर? पुढे ढकलणं ताबडतोब बंद करा. जितकं ढकलाल तितकी पुढची चाकं खाली जातात आणि एका झटक्यात बसलेला माणूस पुढे पडू शकतो. सोबत कुणी असेल तर आधी बसलेल्याला सांगून खुर्ची मागे कलवायची, पुढची चाकं हवेत, आणि तशीच मागच्या मोठ्या चाकांवर उलटी ओढत बाहेर काढायची. अशा वाटांवर नेहमी जाणार असाल तर फूटरेस्टला लावायचं एक मोठं पुढचं चाक मिळतं, त्याने छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात, खडीवर आणि गवतावर फरक लगेच कळतो. फक्त घ्यायच्या आधी आपल्या खुर्चीचा फूटरेस्ट घडीचा आहे की फिक्स ते बघा, सगळ्यांना सगळं बसत नाही.

लाकडी फळ्यांच्या वाटेवर दोनच गोष्टी बघायच्या. फळ्या आपण जातो त्या दिशेला आडव्या आहेत का, कारण उभ्या असल्या तर फटीत छोटं चाक अडकतं, आणि कडेला चाक अडवणारी पट्टी आहे का. ओल्या फळ्या आणि शेवाळ असेल तर तो दिवस सोडा.

खुर्चीच्या बाबतीतल्या चुका

मऊ जमिनीवर जायचं म्हणून टायरची हवा कमी करतात. आयडिया चुकीची नाही, पण हाताने चालवायच्या बहुतेक खुर्च्यांचा पार्किंग ब्रेक थेट टायरवर दाबतो. टायर बसला की ब्रेक सैल. मग तळ्याच्या काठी, उतारावर, "ब्रेक लावलाय" म्हणून सगळे फोटो काढत असतात आणि खुर्ची हळूच सरकायला लागते. हवा कमी केली की ब्रेक पुन्हा तपासायचा, आणि थांबताना खुर्ची उताराला आडवी उभी करायची. हेच ब्रेक उतरताना स्पीड कमी करायला वापरू नका, ते थांबलेल्या खुर्चीसाठी आहेत, चालत्या खुर्चीला लावले तर खुर्ची गर्रकन फिरू शकते.

दुसरं म्हणजे पाठीमागे अडकवलेली बॅग. पाणी, कॅमेरा, जॅकेट, सगळं हँडलला. सपाटीवर काही नाही, चढावर मात्र तोल मागे जातोच, त्यात बॅगेचं वजन, की खुर्ची मागे उलटते. जड सामान सीटखाली ठेवा किंवा सोबतच्याच्या पाठीवर द्या. आणि तीव्र उतारावर सोबतच्याने खुर्ची उलटी वळवून, स्वतः खालच्या बाजूला राहून मागे मागे उतरायचं, तोंड पुढे करून नाही. उचलायची वेळ आली तर आर्मरेस्टला किंवा फूटरेस्टला धरू नका, ते बहुतेक काढता येण्यासारखे असतात आणि नेमके तेव्हाच हातात येतात. फ्रेम धरा.

इलेक्ट्रिक खुर्चीवाल्यांची चूक वेगळी. कंपनीने लिहिलेली रेंज ही सपाट, टणक जमिनीवरची असते. चढ, गवत आणि थंडी तीनही बॅटरी खातात. मी तर म्हणेन लिहिलेल्या आकड्याचा अर्धाच आपला समजा. गोल फेरीच्या वाटेपेक्षा गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल ते पहिल्यांदा बरं, परतीचा रस्ता ओळखीचा असतो आणि कधीही मागे वळता येतं, गोल वाटेवर वाईट जागा शेवटच्या टप्प्यात निघाली तर पंचाईत. पण जाताना उतार असेल तर येताना चढ आहे हे विसरू नका, अर्धी बॅटरी संपल्यावर वळणं म्हणजे उशीर झाला. बंद पडलीच तर मोटर मोकळी करण्याचा लिव्हर असतो, त्याने हाताने ढकलता येते, पण तो लिव्हर फिरवला की ब्रेकही जातो, उतारावर कुणी धरल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हा लिव्हर नेमका कुठे आहे ते सोबतच्याला घरीच दाखवून ठेवा. जॉयस्टिकसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी खिशात असू द्या, पाऊस आला तर तेवढंच लागतं.

फाटक

रस्ता चांगला, चढ नाही, आणि सुरुवातीलाच बाईकवाल्यांना अडवायला लावलेले खांब, किंवा गुरं जाऊ नयेत म्हणून केलेलं एक एक माणूस जाईल असं फिरतं फाटक. दोन खांबांमधली मोकळी जागा किमान ८१–८२ सेंटीमीटर हवी. आपल्या खुर्चीची रुंदी माहीत असतेच, पण ती चाक फिरवणाऱ्या हातांची कोपरं धरून मोजा. शेजारी मोठं गेट असतं, कुलूप लावलेलं. किल्ली कुणाकडे असते हे आदल्या दिवशी विचारा, तिथे पोचून नाही, कारण तो माणूस तेव्हा जेवायला गेलेला असतो.

शरीराकडे दुर्लक्ष

इथे जरा सिरियस बोलतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना, विशेषतः ती छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर, इजेच्या खाली घाम नीट येत नाही, शरीर तापलेलं उतरत नाही. सावली, पाण्याचा फवारा, ओला रुमाल हे हौसेचे प्रकार नाहीत. उन्हात तापलेली खुर्चीची धातूची पट्टी संवेदना नसलेल्या पायाला लागली तर भाजल्याचं कळतच नाही. कुशन उन्हात ठेवून लगेच वर बसू नका.

याच लोकांना आणखी एक धोका: अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या भागात दरदरून घाम, तर हे ऊन लागलंय म्हणून आडवं झोपवू नका. रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो, आणि कारण बऱ्याचदा भरलेलं मूत्राशय किंवा खुर्चीत बसताना दुमडलेली कॅथेटरची नळी असतं. सरळ ताठ बसवा, पट्टे, बेल्ट, घट्ट कपडे सैल करा, नळी तपासा, आणि तरी उतरलं नाही तर थेट इमर्जन्सी. यासाठी वाटेवर मोबाईलला रेंज आहे का हेसुद्धा आधी विचारायच्या प्रश्नांत घाला.

खडबडीत वाटेवर धक्के बसतात, त्यात गप्पांच्या नादात तासभर एकाच पोझमध्ये बसणं होतं. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून वजन हलवायचं, साधारण दोन मिनिटं तरी, नुसतं क्षणभर उचलून उपयोग होत नाही. मोबाईलला अलार्म लावा.

सोबतच्यांसाठी

न विचारता हँडलला हात लावू नका. ज्याचं तो स्वतः चालवतोय त्याला मधेच ढकललं की त्याची बोटं चाकात सापडू शकतात. आणि वाट कुठली घ्यायची, कधी परतायचं, हे खुर्चीवरच्याला विचारा, त्याच्या डोक्यावरून एकमेकांना नाही.

टॉयलेटचं राहिलंच. "अपंगांसाठी टॉयलेट आहे" याच्यापुढे तीन प्रश्न: उघडं असतं का, दार बाहेर उघडतं का, आणि आत झाडू-बादल्या तर भरून ठेवल्या नाहीत ना. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका.