'वॉटरलॉग्ड'चं मराठी करताना

हा इंग्रजी शब्द (waterlogged) समोर आला की आधी त्यातल्या 'लॉग'पाशी थांबा. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाच्या लॉगबुकाचं, म्हणजे प्रवासाच्या नोंदवहीचं, नावही ओंडक्यावरूनच पडलं, कारण वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात सोडत. पण आपल्या शब्दाचा नोंदींशी संबंध नाही, तिकडे जाऊ नका.

विल्यम फाल्कनर या खलाशाचा जहाजी शब्दांचा कोश १७६९ साली लंडनला निघाला, त्यात 'वॉटरलॉग्ड' आहे. गळतीमुळे जहाजाच्या पोटात इतकं पाणी शिरलंय की ते जड झालं, हलेना. लाटा डेकवरून जातात आणि ते निमूट सोसतं. बुडालेलं नाही, ओंडका झालंय. त्याच वर्षाअखेर फाल्कनर हिंदुस्थानकडे निघालेल्या 'अरोरा' जहाजावर होता. केप टाऊन सोडल्यावर ते जहाज कुणालाच दिसलं नाही. त्या नोंदीपाशी आले की मला हे आठवतंच.

म्हणून भाषांतर करताना विचारा: पाणी शिरल्यामुळे या वस्तूला आता काय जमत नाहीये? रस्ता असेल तर 'पाणी तुंबलंय' पुरे. लाकूड 'पाणी पिऊन जड' होतं.

जमिनीचं मात्र जपून करा. मी शेतीच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते. पहिल्या पत्रकात मी 'जलमग्न जमीन' लिहिलं होतं, आणि ते चूक होतं. जलमग्न म्हणजे पाण्याखाली गेलेली. इथे वर पाणी दिसेलच असं नाही. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, मुळांना प्राणवायू मिळत नाही. आमचं रान कृष्णाकाठी, उसाचं. वर्षानुवर्षं पाटपाणी, निचरा नाही. ऊस पिवळा पडायला लागला, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतायचा, वाफसाच (मशागतीजोगी ओल) येईना. अण्णा म्हणायचे, "रान चिबड झालंय." चिबड! नेमका हाच शब्द, घरातलाच. शेतकऱ्यासाठी लिहिताना तोच वापरा.

मात्र 'चिबड' आणि 'क्षारपड' (क्षार साचलेलं) एक समजू नका. पाणी वर चढून बाष्प होतं, क्षार मागे राहतात, म्हणून दोन्ही बऱ्याचदा एकाच रानात दिसतात. पण जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढलं तरी क्षार धुवून निघायला वेळ लागतो. मूळ इंग्रजीत 'सलाइन' (क्षारपड) वेगळं लिहिलं असेल, तर मराठीतही दोन्ही शब्द लिहा.