प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी: लॅबच्या लॉगिनची तयारी

विद्यार्थिनी तीनदा पासवर्ड टाकते, तिन्ही वेळा नकार येतो, बाजूला एक्स्टर्नल घड्याळाकडे बघत उभे असतात आणि तिला वाटतं की चूक आपलीच. बहुतेक वेळा चूक तिची नसते, आपल्या मांडणीत असते. म्हणून ही तयारी आदल्या दिवशी, लॅब रिकामी झाल्यावर करायची. माझ्यासमोर आहे ती नेहमीची कॉलेजची मांडणी: उबुंटू या लिनक्सची मशीन, युजरची माहिती एलडॅप सर्व्हरवर, पासवर्डची तपासणी कर्बेरॉसकडे, होम फोल्डर एनएफएसवरून (म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून), आणि या सगळ्यांशी मशीनच्या वतीने बोलणारी एसएसएसडी ही सेवा.

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी परतीची वाट तयार हवी. प्रत्येक मशीनवर नेटवर्कवर अवलंबून नसलेलं एक लोकल अ‍ॅडमिन खातं असू द्या, आणि त्याचा पासवर्ड आज टाकून बघा. वर्षभर न वापरलेला पासवर्ड ऐनवेळी कुणालाच आठवत नाही. पॅमच्या (लॉगिनला आत घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइल्स, एनएसस्विचची (युजरची माहिती कुठे शोधायची ते सांगणारी) फाइल आणि एसएसएसडीची कॉन्फिग यांची प्रत काढा. पॅममध्ये बदल करताना दुसऱ्या टर्मिनलवर रूटचं (सगळे अधिकार असलेल्या खात्याचं) सेशन उघडं ठेवा आणि नवीन लॉगिन जमल्याशिवाय ते बंद करू नका. एक चुकीची ओळ पडली तर अ‍ॅडमिनसकट सगळेच बाहेर राहतात. सोबत लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच मशीन सुरू करता येतं असा) हवा, सर्व्हरचे आयपी कागदावर लिहिलेले हवेत, आणि चालू असल्याची खात्री असलेली एक पॅचकॉर्डही.

घड्याळ मी सगळ्यात आधी बघते. कर्बेरॉस साधारणपणे 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी नाही म्हणतं. स्क्रीनवर मात्र बरेचदा ‘लॉगिन चुकलं’ एवढंच दिसतं. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलेला असतो आणि रात्री मेन स्विच बंद झाला की घड्याळ मागे पडतं. आठ-दहा सेल कपाटात ठेवा, स्वस्त असतात. ज्या मशीनवर विंडोजही आहे तिथे वेगळीच गंमत होते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं. सकाळी अकराला मशीन विंडोजमधून लिनक्समध्ये आणलं की घड्याळात साडेचार वाजलेले दिसतात, बरोबर साडेपाच तास पुढे. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका. वेळ आपोआप जुळावी म्हणून टाइम सर्व्हर लावलेला असतो, पण कॉलेजच्या फायरवॉलने 123 नंबरचा यूडीपी पोर्ट बाहेर जाऊ दिला नाही तर तो मुकाट बसतो. कॉलेजच्या आतच टाइम सर्व्हर असावा, आणि ‘टाइमडेटसीटीएल’ लिहून वेळ खरंच जुळली आहे ना, हे मशीनमागून मशीन बघावं.

मग दोन प्रश्न वेगळे करायचे. मशीन या युजरला ओळखतं का? आणि त्याचा पासवर्ड मान्य होतो का? लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि तासन्‌तास चुकीच्या फाइलमध्ये शोधत राहतात. पहिल्याचं उत्तर ‘आयडी’ या कमांडपुढे युजरनेम लिहिलं की मिळतं. ‘असा युजर नाही’ असं आलं तर पासवर्डला अजून वेळ आहे. एनएसस्विचच्या पासडब्ल्यूडी ओळीत ‘फाइल्स’नंतर ‘एसएसएस’ आहे का, सर्व्हरच्या नावावरून डीएनएस त्याचा आयपी देतं का, कुणी होस्ट्स फाइलमध्ये जुना आयपी लिहून ठेवलाय का, हे बघा. एसएसएसडी सुरूच होत नसेल तर तिच्या कॉन्फिग फाइलचे अधिकार तपासा. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलचे अधिकार बदलतात, आणि मालक रूट व अधिकार 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असे) नसतील तर बऱ्याच आवृत्त्या सुरू व्हायलाच नकार देतात. एलडॅपच्या सर्टिफिकेटची मुदतही आजच बघून घ्या. ती संपली की सगळी लॅब एकाच क्षणी थांबते.

ओळख पटली की ‘केइनिट’ने त्याच युजरचं तिकीट, म्हणजे पासवर्ड पटल्यावर कर्बेरॉस देतं तो परवाना, मागा. तिकीट मिळालं आणि तरीही लॉगिन होत नसेल, तर पासवर्ड आणि सर्व्हर दोन्ही ठीक आहेत. अडचण पॅममध्ये, मशीनच्या स्वतःच्या कीटॅबमध्ये (कर्बेरॉसला मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्लीच्या फाइलमध्ये) किंवा कुठल्या ग्रुपला आत घ्यायचं या नियमात आहे. नवीन बॅचचा ग्रुप यादीत घालायचा राहून गेला, हे मी दर जूनमध्ये बघते.

चाचणी स्वतःच्या खात्याने करू नका, हे मला मनापासून सांगायचंय. एसएसएसडीमध्ये पासवर्ड साठवायची सोय चालू असेल तर आधी त्या मशीनवर बसलेल्या माणसाला सर्व्हर बंद असतानाही आत घेतलं जातं. आपण आत जातो, समाधानाने कुलूप लावतो, आणि सकाळी पहिल्यांदाच त्या मशीनवर बसणारा विद्यार्थी अडकतो. विद्यार्थ्याच्याच अधिकारांचं, त्या मशीनवर कधी न वापरलेलं खातं यासाठी वेगळं ठेवा.

पासवर्ड स्वीकारून स्क्रीन लुकलुकते आणि पुन्हा लॉगिनवरच येते, तेव्हा दोष बहुधा होम फोल्डरचा असतो: एनएफएस जोडलेलं नाही, जागेचा कोटा भरलाय किंवा फोल्डरचा मालकी क्रमांक युजरच्या क्रमांकाशी जुळत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 दाबून अक्षरी लॉगिन घ्या, खरा संदेश तिथे वाचता येतो. मालकी क्रमांकाचा घोळ टाळायचा तर एलडॅपचे क्रमांक 10000च्या पुढे ठेवा, कारण मशीनवरची लोकल खाती 1000पासून सुरू होतात.

आपल्याकडे आणखी एक बघावंच लागतं. मराठी टायपिंगसाठी कुणी इन्स्क्रिप्ट लावलेला असतो आणि लॉगिन स्क्रीनवर कीबोर्ड मराठीतच राहतो. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे बिचाऱ्याला कळतच नाही. कोपऱ्यातली भाषेची खूण आणि कॅप्स लॉक, दोन्ही बघा. फेललॉक (चुकीच्या पासवर्डांवर खातं बंद करणारी सोय) लावलेलं असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे तीन चुकांनंतर खातं 10 मिनिटं बंद होतं. ते मोकळं करायची कमांड कागदावर लिहून टेबलावर ठेवा. परीक्षेत 10 मिनिटं फार असतात.

शेवटी चाचणीच्या खात्याने पहिल्या मशीनवर बसून एक फाइल सेव्ह करा, लॉगआउट करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मशीनवर तीच फाइल उघडून बघा. उघडली की दोन मशीन राखीव म्हणून बाजूला ठेवा आणि त्यांचे नंबर फळ्यावर लिहा.