एलिव्हेशन शिकण्यासाठी रेंजवर जाण्यापूर्वीची तयारी

नाशिकमध्ये ५० मीटरवर झोपून .२२ रायफल चालवण्याचा सराव झालेल्या आणि आता ३०० मीटरचे, पुढे जमल्यास ६०० ते १००० यार्डांचे टार्गेट मारण्याची इच्छा असलेल्या नेमबाजांसाठी ही यादी आहे. एलिव्हेशन म्हणजे अंतरानुसार साइट वर-खाली करून गोळीची उंची साधणे. माझा आग्रह एकच आहे: साइटचा (नेम धरायच्या साधनाचा) नॉब फिरवायला शिकण्याआधी आपली वही भरायला शिकावे, कारण अंतर वाढले की चुकीचा अंदाज झाकायला जागा उरत नाही.

परवाना, क्लबची लेखी परवानगी आणि काडतुसांची नोंद ही कागदपत्रे शस्त्र कायदा, १९५९ नुसार पूर्ण आहेत, याची खात्री आदल्या दिवशीच करावी. रायफल पिशवीतून निघेल तेव्हा बोल्ट उघडा आणि नळीत सुरक्षा-झेंडी असावी. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी.

यानंतर घरी टेबलाशी बसून करायचे काम येते आणि नेमका इथेच बहुतेकांचा कंटाळा आड येतो. इथे मिनिट हे कोनाचे माप आहे, एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. तो १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर, ५० मीटरवर साडेचौदा आणि ३०० मीटरवर ८७ मिलिमीटर भरतो. मिल या कोनाच्या दुसऱ्या मापात हिशेब करणाऱ्यांसाठी ०.१ मिल म्हणजे १०० मीटरवर १ सेंटीमीटर आणि ३०० मीटरवर ३ सेंटीमीटर. मीटर आणि यार्ड एकाच तक्त्यात मिसळू नयेत, कारण १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तसेच ‘१०० यार्डांवर मिनिट म्हणजे एक इंच’ हे सोपे गणित जवळच्या अंतरावर चालते, पण प्रत्यक्षात ते १.०४७ इंच असल्यामुळे १००० यार्डांवर ३० मिनिटांचा बदल करताना तेवढ्यानेच सुमारे १४ इंचांचा फरक पडतो.

आपल्या साइटचा एक क्लिक, म्हणजे नॉबचा एक खटका, किती, हे माहितीपत्रकावरून वहीत उतरवू नये, ते मोजावे. ५० मीटरवर एकाच नेमाने दहा गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरील छिद्रांचा पुंजका) घ्यावा, बॅक साइट (डोळ्याजवळची साइट) २० क्लिक वर करून दुसरा ग्रुप घ्यावा आणि दोन्ही ग्रुपांच्या मध्यांतील उभे अंतर पट्टीने मोजून २०ने भागावे. हे अंतर ६० मिलिमीटर भरले, तर एक क्लिक ३ मिलिमीटरचा, म्हणजे मिनिटाच्या साधारण पाचव्या भागाचा ठरतो. मग २० क्लिक परत खाली येऊन तिसरा ग्रुप घ्यावा. तो पहिल्यावर बसला नाही, तर साइटच्या स्क्रूमध्ये ढिलाई आहे असे समजावे आणि यापुढे हव्या त्या आकड्याच्या थोडे पुढे जाऊन नेहमी एकाच बाजूने परत येण्याची सवय लावावी. एकट्या गोळीवरून साइट कधीही हलवू नये. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि पुढचे प्रत्येक वलय ८ मिलिमीटर रुंद असते. श्वास किंचित चुकला तरी गोळी एवढी सरकते आणि तो दोष साइटच्या माथी मारला, तर पुढची प्रत्येक नोंद खोटी ठरते.

वहीत दिशा शब्दांत लिहावी. मी एका हिवाळी सकाळी घाईत नुसते ‘८’ लिहून ठेवले होते. पुढच्या रविवारी ते खाली समजून फिरवले आणि सबंध सराव वाया गेला. बॅक साइट वर गेली की गोळी वर जाते, फोर साइट (नळीच्या टोकाची साइट) वर गेली की गोळी खाली येते, हे वाक्य पहिल्याच पानावर असावे. प्रत्येक पोझिशनचे पानही वेगळे ठेवावे, कारण झोपून, गुडघ्यावर आणि उभे राहून डोके व खांदा बदलतात आणि त्यासोबत एलिव्हेशनही बदलते. ज्यांच्या नेमबाजीची सुरुवात नाशिकमध्ये झाली त्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच तीन पोझिशनच्या ५० मीटर स्पर्धेत, आणि आपल्या शहरातल्या नवोदितांनी त्या स्पर्धेकडे या नजरेनेही पाहावे असे मला मनापासून वाटते.

गालाच्या आधाराकडे, म्हणजे चीकपीसकडे, जवळपास सगळ्यांचे दुर्लक्ष होते. दोन्ही साइटांमधील अंतर ८०० मिलिमीटर असेल, तर ५ मिनिटांसाठी बॅक साइट जेमतेम सव्वा मिलिमीटर उचलावी लागते. पण ३० मिनिटांसाठी ती सात मिलिमीटर वर जाते आणि गाल जुन्याच जागी राहिला, तर डोळा बॅक साइटच्या छिद्राच्या मध्यावर येत नाही. त्यामुळे दर अंतराला चीकपीसची उंची किती, हेही एलिव्हेशनच्या आकड्याशेजारीच लिहावे.

रायफल कलती धरण्याचा दोष ५० मीटरवरही तपासून घ्यावा. तेवढ्या अंतरात .२२ची गोळी सुमारे १२ सेंटीमीटर पडते. रायफल ५ अंश कलली, तर त्यातला सुमारे एक सेंटीमीटर आडवा जातो, म्हणजे एका वलयाहून जास्त. लांबच्या अंतरावर पडण्याचे प्रमाण कितीतरी वाढते, म्हणून पाणसळ बसवणे उत्तम.

हवामानाची नोंद हवीच, पण तिचे वजन ओळखून घ्यावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ असते, आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात त्या १० अंशांखालच्या पहाटेपासून एप्रिलमधील ४० अंशांच्या दुपारपर्यंत तिची घनता आणखी दहा टक्क्यांच्या आसपास घटते. ३०० मीटरवर याचा परिणाम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा, म्हणजे मनावर न घेण्याजोगा. १००० यार्डांवर मात्र तो मिनिटभराहून अधिक होऊ शकतो. काडतुसे उन्हात ठेवू नयेत, तापलेली दारू गोळीचा वेग वाढवते. जमिनीवरून लहरी उठू लागल्या की टार्गेटचे चित्रच वर सरकलेले दिसते, तेव्हा त्या वेळचे ग्रुप क्लिकच्या हिशेबात धरू नयेत.

३०० मीटरच्या पहिल्या दिवशी मोठ्या बोअरची (.२२पेक्षा रुंद नळीची) रायफल आधी १०० मीटरवर झिरो करून घ्यावी, म्हणजे नेम तिथेच गोळी लागेल अशी साइट बसवावी. .३०८ काडतुसाला तिथून ३०० मीटरपर्यंत साधारण ४ ते ५ मिनिटे वर जावे लागते. आपल्या क्लिकच्या मापाने हा आकडा आदल्या रात्रीच वहीत तयार असावा. ३०० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते, त्यामुळे दीड मिनिट चुकले तरी गोळी काळ्या भागातच राहते आणि दुरुस्ती करता येते. पुढच्या अंतरांसाठी हेच प्रमाण ताणू नये. गोळी हवेत जितका वेळ राहते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडते आणि वाटेत तिचा वेगही घटतो, म्हणून प्रत्येक अंतराचा आकडा त्या अंतरावरच पक्का करावा लागतो. इंग्लंडमधील बिस्लीच्या रेंजवर १८९०पासून भरणाऱ्या स्पर्धांत ३००पासून १००० यार्डांपर्यंत टप्प्याटप्प्याने मागे सरकत जातात. आपला सरावही त्याच क्रमाने आखावा.

पिशवीत शेवटी वही, दोन पेन्सिली, मिलिमीटरची पट्टी, तापमापक, स्पॉटिंग स्कोप (टार्गेटवरील छिद्रे पाहायची दुर्बीण) आणि साइटचा पाना ठेवावा. निघण्यापूर्वी साइट झिरोच्या क्लिकवर परत आणून तो आकडा तारखेसह लिहावा, आणि मगच पिशवीची चेन लावावी.